वीस सेंटीमीटरची रेघ

अण्णांच्या तोंडून सरळ ‘हो’ मी कधी ऐकलं नाही, आणि सरळ ‘नाही’ही ऐकलं नाही. अक्कांनी सांबार वाढलं की ते आधी वाटीत चमचा गरगर फिरवायचे, एक घोट घ्यायचे, पुन्हा फिरवून दुसरा घ्यायचे. न ढवळता चव बघणं म्हणजे अख्ख्या गावाची चौकशी एकाच घरात करणं, असं त्यांचं म्हणणं. तोवर अक्का पदराला हात पुसत समोर उभ्या असायच्या. मग अण्णा न्यायाधीशाच्या गांभीर्यानं सांगायचे, “मीठ कमी आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.”

“म्हणजे छान झालंय ना?” अक्का विचारायच्या.

“तसं कुठं म्हटलं मी? स्वल्प थांब. अजून एक वाटी घेऊन बघतो.”

लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती, आणि ‘छान झालंय’ एवढ्या दोन शब्दांसाठी अक्का अजून ताटकळत होत्या. वाट्या मात्र सरसर रिकाम्या व्हायच्या. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, म्हातारा भलताच खडूस आहे. नंतर बरंच काही वाटलं, पण नक्की काय, ते आजही मला धड सांगता येणार नाही.

मी मूळची नागपूरची. लग्नानंतर बेंगळुरूला आले आणि इथल्या निम्म्या लोकांसारखी सर्जापूर रोडवरच्या एका उंच इमारतीत राहायला लागले. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टरची. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम चालवून बघायचा, बिघडला तर लाल खूण, नाही बिघडला तर हिरवी. असं लाल-हिरवं करत माझं बरं चाललं होतं. मग एक दिवस कंपनीला वाटलं, आपल्या सगळ्या माणसांना आकडेवारी कळली पाहिजे. एक कोर्स आला, आणि त्यात संख्याशास्त्राचा पेपर. सगळा अभ्यास कसाबसा निभावला, पण एका धड्यापाशी मी जी अडले ती अडलेच. मूठभर नमुन्यावरून सगळ्या ढिगाच्या सरासरीबद्दल काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, असा तो धडा. गंमत म्हणजे गणित मला यायचं. आकडे बरोबर, उत्तर बरोबर. उत्तराखाली त्याचा अर्थ सांगणारं एक वाक्य लिहायचं असतं, ते दर वेळी चूक.

मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रडगाणं गायलं, तेव्हा कुणीतरी लिहिलं, “जे. पी. नगरच्या अण्णांकडे जा. पैसे घेत नाहीत, पण डोकं खातात.” तेव्हा अण्णांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. वडील नोकरीसाठी इकडे आलेले, त्यामुळे अण्णांचा जन्म इथलाच, शाळा इथली, नोकरीही इथल्याच एका सरकारी कारखान्यात, तपासणी विभागात. आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्या मालातले चार नग उचलून बाकीच्या मालाबद्दल बोलायचं, हेच त्यांचं काम. मराठी जुन्या वळणाची, आणि मधेमधे तांदळातल्या खड्यासारखा एखादा कन्नड शब्द.

“ऊट झालं का?” दारातच त्यांनी विचारलं. मी गोंधळले, तर आतून अक्का म्हणाल्या, “जेवलीस का, विचारतायत.” मी जेवून आले होते, तरी मला पुन्हा जेवावं लागलं. मी ‘सर’ म्हटलं, तर त्यांनी हात झटकला. “सर ऑफिसात. इथं अण्णा. आणि तू कुठली?” मी नागपूर म्हटल्यावर माझं नाव त्यांनी विचारलंच नाही. शेवटपर्यंत मी त्यांची ‘नागपूर’च राहिले.

व्हरांड्यात एक काळा फळा होता. पहिल्याच शनिवारी त्यांनी मला एक उदाहरण घातलं. बिस्किटाच्या पुड्यांचं वजन. कंपनीचा दावा खरा धरायचा, त्याला म्हणायचं नल हायपॉथिसिस, आणि मग हातातल्या पुड्यांवरून तो दावा मोडतो का बघायचं. मी धडाधड सोडवलं. दावा मोडत नव्हता. खाली मी लिहिलं, ‘म्हणून कंपनीचा दावा खरा आहे.’

अण्णांनी डस्टरनं तेवढं एकच वाक्य पुसलं. “कुणी सांगितलं खरा आहे?”

“फेल नाही झाला ना अण्णा, म्हणजे पास झाला.”

“स्वल्प थांब. पास कुठून आलं?”

“फेल नाही म्हणजे पासच राहते ना! आमच्या ऑफिसात असंच राहते.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आपण कुठल्या ऑफिसच्या भरवशावर विमानात बसतो, असा प्रश्न त्यांना पडला असावा. मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात घातला, टेबलाचा वरचा खण उघडला, बंद केला. “माझा चष्मा सापडला नाही. म्हणजे घरात चष्मा नाही?”

“एकच खण तर बघितला तुम्ही.”

“मग आता काय म्हणायचं मी?”

“की सापडला नाही.”

“अष्टे! तेवढंच. ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘सापडला नाही’ म्हणायचं. आणि किती शोधलं तेही सांगायचं.” ते खूश झाले. मीही मान डोलावली. पण परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात पुन्हा घोळ झाला. सापडला नाही हे खरं, पण मग चष्मा आहे की नाही? शेवटी माणसाला तेच तर कळायला हवं असतं ना!

अक्कांनी या शास्त्राचे भोग आधीच भोगले होते. त्या दुपटी शिवायच्या, मंडळातल्या प्रत्येक नव्या बाळाला त्यांचं दुपटं जायचं. त्यासाठी महिन्यातून एकदा दोघं जुन्या गिअरच्या स्कूटरवरून चिकपेटच्या कापडबाजारात जायची. अण्णा पुढे, अक्का मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी. त्या गल्ल्यांत माणसाला माणूस घासतो, तिथं ही दोघं स्कूटर कशी घालायची, देव जाणे. एकदा दोऱ्याची रिळं आणली, आणि अण्णांना शंका आली, की रिळावर लिहिलंय तेवढा दोरा खरंच असतो का? त्यांनी काही रिळं डोळे मिटून उचलली आणि व्हरांड्यापासून मोरीपर्यंत दोरा उलगडून मोजायला घेतला. सरासरी थोडी कमी भरली. अक्का तावातावानं म्हणाल्या, “बघा, लुबाडतोय मेला!” अण्णा म्हणाले, “स्वल्प थांब. एवढा फरक नुसत्या नशिबानंही पडतो.” अक्का म्हणाल्या, “बरं, मग दुकानदार चांगला आहे.” अण्णा म्हणाले, “तेही नाही म्हणता येत.” हे मला सांगताना अक्का इतक्या हसत होत्या, की त्यांना ठसका लागला. “दोरा कमी होता का, ते काही कळलं नाही बघ. होता तो मात्र सगळा गुंतला.”

त्या स्कूटरवर दोघांचं सगळं जग चालायचं. भाजी, बँक, अक्कांचा गुडघ्याचा डॉक्टर, मंडळाचे कार्यक्रम, जयनगरला अक्कांची बहीण. अक्कांना बसची पायरी चढवत नव्हती, आणि ऑटोवाले जवळच्या भाड्याला तोंड फिरवायचे. एकुलती मुलगी मंजू पुण्यात. ती अधूनमधून “इकडे या” म्हणायची, आणि अण्णा “बघू” म्हणायचे. ‘बघू’ हा त्यांचा सर्वांत ठाम शब्द होता.

मग एका सकाळी सिग्नलपाशी पुढचा ऑटो अचानक थांबला आणि अण्णांची स्कूटर त्याच्यावर जाऊन टेकली. टेकली म्हणजे टेकलीच, फार काही झालं नाही. पण अक्का मागून घसरल्या, हातातल्या दोन बांगड्या फुटल्या, कोपर सोलवटलं. ऑटोवाला शिव्या द्यायच्या तयारीनं उतरला, दोघांना बघितलं आणि त्याचा आवाजच बदलला. त्यानं अक्कांना हात धरून उठवलं आणि अण्णांना म्हणाला, “अण्णा, वयस्साय्तु. मनेले इरि.” वय झालं, आता घरीच बसा. शिव्या दिल्या असत्या तर अण्णांना चाललं असतं. ही माया त्यांना फार लागली. त्या शनिवारी त्यांनी मला काही शिकवलं नाही. फळ्यासमोर बसून राहिले.

मंजू पुढच्या आठवड्यात आली. तीही बापाचीच लेक, आवाज न चढवता बोलायची. “अण्णा, स्कूटर बंद. आणि स्कूटर बंद म्हणजे तुम्ही दोघं या घरात कोंडले जाणार. मग इथं राहायचं कशाला? पुण्याला चला.” अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. या गल्लीत त्या लग्न होऊन आल्या होत्या. पुणं त्यांच्यासाठी फक्त मंजूच्या बाळंतपणाला जायचं गाव.

“एका धक्क्यावरून मी संथ झालो असं ठरत नाही,” अण्णा म्हणाले. “एक म्हणजे काय नमुना झाला?”

मंजूनं सुस्कारा टाकला. “मग तुमच्याच शास्त्रानं ठरवा. जे निघेल ते मला मान्य. पण निघाल्यावर तुम्हालाही मान्य.”

असं ते ठरलं. दोन म्हाताऱ्यांचं घर राहायचं की जायचं, हे एका फूटपट्टीवर येऊन थांबलं. कारखान्यात क्रेन चालवणाऱ्यांची अशी परीक्षा घ्यायचे म्हणे. एकानं पट्टी वरून उभी धरायची. दुसऱ्यानं खाली, शून्याच्या खुणेपाशी, अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. न सांगता पट्टी सोडायची, आणि ती जिथं चिमटीत सापडेल तो आकडा लिहायचा. आकडा जितका लहान, तितका माणूस चपळ. कारखान्याची रेघ वीस सेंटीमीटरची. सरासरी त्याच्या वर गेली, तर माणूस क्रेनवर नको.

अण्णांनी आधीच सगळं फळ्यावर मांडलं. किती वेळा पट्टी सोडायची, ते. नल हायपॉथिसिस: अण्णांची सरासरी विसाच्या वर गेलेली नाही. आणि दंडक पाच टक्क्यांचा. म्हणजे अण्णांची खरी सरासरी वीस असताना केवळ नशिबानं इतके वाईट आकडे शंभरात पाचांहूनही कमी वेळा पडत असतील, तरच म्हणायचं की अण्णा संथ झाले. “आता निकाल बघून यातलं काही बदलायचं नाही,” त्यांनी मला बजावलं. “नाहीतर ते शास्त्र नव्हे, लबाडी.” मी मान डोलावली. डोलावण्यात मी तरबेज झाले होते.

पट्टी सोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कुणाच्याच बाजूची नव्हते. हे साफ खोटं होतं. मंजू आकडे लिहीत होती, अक्का डोळे मिटून बसल्या होत्या आणि पट्टी पकडल्याचा आवाज आला की एक डोळा उघडायच्या. कधी सतरा, कधी पंचवीस, कधी एकोणीस. एकदा नेमकी कुकरची शिटी झाली आणि पट्टी अण्णांच्या चिमटीतून थेट जमिनीवर. “हा धरू नका,” अक्का ओरडल्या. अण्णा म्हणाले, “धरायचा. रस्त्यात काय कुणी वाजवत नाही?” मंजूनं पूर्ण पट्टीचा आकडा लिहिला.

सरासरी निघाली विसाच्या थोडी वर, एकविसाला जरा कमी. पुढचं गणित मी केलं, अण्णांनी तपासलं. उत्तर आलं अकरा टक्के.

त्या अकरावरून व्हरांड्यात जो गोंधळ झाला, तो मला अजून आठवतो. मंजूचा चेहराच उतरला. “म्हणजे तुम्ही ठीक असायची शक्यता फक्त अकरा टक्के? एकोणनव्वद टक्के तुम्ही संथ झालाय?” अक्कांनी मला विचारलं, “पाचाच्या वर आहे ना गं? म्हणजे पास ना?” आणि मी, इतके शनिवार शिकून, खडू घेऊन फळ्यावर एक भलीमोठी बरोबरची खूण केली. तेवढ्यासाठी मी हिरवा खडू शोधला होता.

“तिघी नापास,” अण्णा म्हणाले. “अकरा हा माझा आकडाच नाही. तो या पट्टीच्या आकड्यांचा आहे. मी ठीक आहे असं आधी धरलं, तर नुसत्या नशिबानं असे किंवा याहून वाईट आकडे शंभरात अकरा वेळा पडतील. अष्टे. मी ठीक आहे का, हे त्यात कुठंच लिहिलेलं नाही.”

“पण अण्णा, दंडक तर पाचाचा होता,” मंजू म्हणाली. तिनं वही मिटली. “मी शब्द दिलाय. स्कूटर राहिली. तुम्ही इथंच राहा.” ती नाराज होती, पण बापाच्या शब्दाला बापापेक्षा जास्त जागणारी होती. अक्का तडक आत गेल्या आणि केसरीबात, म्हणजे इथला शिरा, करायला घेतला. तुपाचा वास अख्ख्या घरात पसरला. मी त्या दिवशी इतकी आनंदात घरी गेले, की बसमधल्या कंडक्टरला कन्नडमध्ये धन्यवाद म्हटलं.

पुढच्या शनिवारी गेले, तर स्कूटरवर जुनी चादर घातलेली. आत भांड्यांची आदळआपट. अण्णा फळ्यासमोर. फळ्यावरची माझी हिरवी खूण तशीच होती, पण वरची नल हायपॉथिसिसची ओळ पुसलेली होती.

“बस, नागपूर,” ते म्हणाले. “कारखान्यात नल काय असायचं, ते तू मला विचारलंच नाहीस.”

“काय असायचं?”

“माणूस संथ आहे. हे आम्ही आधी धरायचो. चपळ आहे, हे त्यानं आकड्यांनी दाखवायचं. वर टनावारी लोखंड लोंबकळतंय, खाली माणसं उभी आहेत. तिथं शंकेचा फायदा क्रेनवाल्याला देत नाहीत. खाली उभा असतो त्याला देतात. इतकी वर्षं मी तेच केलं. चांगली चांगली माणसं मी क्रेनवरून उतरवली. आणि माझी पाळी आली, तेव्हा मी नल उलटं लिहिलं. स्कूटर माझी ना!”

“पण आकडे तर तेच आहेत ना अण्णा?”

“तेच आहेत. आता तू सांग. मी संथ आहे असं आधी धर. ते मोडायला, म्हणजे माझी सरासरी विसाच्या खाली आहे म्हणायला, या आकड्यांत पुरावा आहे?”

“खाली कशी असेल? वरच तर आली आहे.”

“मग वाक्य लिही.”

मी उठले. खडू हातात घेतला. मागच्या शनिवारी याच आकड्यांनी अण्णा वाचले होते. आता तेच आकडे त्यांना वाचवत नव्हते. एक आकडा बदलला नव्हता. शेवटी मी म्हटलं, “म्हणजे तुम्ही संथ झालात असं म्हणायला पुरावा नाही. आणि नाही झालात असं म्हणायलाही पुरावा नाही.”

“सरी! बरोबर,” अण्णा म्हणाले. माझ्या वाक्याला मिळालेली ही पहिली दाद. या दिवसाची मी किती वाट पाहिली होती, आणि आता ती नकोशी झाली.

मी भांडले त्यांच्याशी. खरंच भांडले. “निकाल पाहून काही बदलायचं नाही, हे तुम्हीच म्हणाले होते. आता तुम्हीच बदलून राहिले!”

“म्हणून पुन्हा टेस्ट केली नाही. मंजूला फोन केला, आम्ही पुण्याला येतो म्हटलं.”

“मग अजून पट्टी सोडू ना! दिवसभर सोडते मी. आकडे वाढले की काही ना काही नक्की निघेल.”

“निघेल. पण मला मी ठाऊक आहे. हवं ते निघेपर्यंत मी तुला सोडायला लावीन.”

आतून अक्का बाहेर आल्या, हातात उलथनं तसंच. “बघितलंस? जिंकलेला माणूस हरायला निघालाय. लेक राहा म्हणाली, शास्त्र राहा म्हणालं, यांना कुणाचंच पटत नाही.” आणि त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसून रडायला लागल्या. अण्णा उठून त्यांच्याजवळ गेले. ते नुसते शेजारी बसले. मला वाटलं, आता तरी या माणसानं एक सरळ वाक्य बोलावं. ‘मला भीती वाटते’ म्हणावं, ‘मला जायचं नाही’ म्हणावं. ते म्हणाले, “स्वल्प सावकाश, ठसका लागेल.” मला त्यांचा राग आला आणि त्यांच्यासाठी जीव तुटला, दोन्ही एकदम.

घर भाड्यानं गेलं. स्कूटर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं घेतली. ती नेताना अण्णांनी त्याला तिच्या सगळ्या खोडी सांगितल्या, ब्रेक स्वल्प उशिरा लागतो हेसुद्धा. मेकॅनिक म्हणाला, ब्रेक तर उत्तम आहे. मग अपघाताच्या दिवशी उशीर ब्रेकला झाला की अण्णांना, हे मला कधीच समजलं नाही. मी विचारायला गेले, तर अण्णा दोऱ्यांची रिळं खोक्यात भरत होते, आणि विचारायचं राहून गेलं.

माझा पेपर त्याच महिन्यात झाला. असाच प्रश्न आला. मी गणित सोडवलं आणि खाली वाक्य लिहिलं, की सरासरी बदलली असं म्हणायला या नमुन्यात पुरेसा पुरावा नाही, आणि म्हणून ती बदललेली नाही असंही सिद्ध होत नाही. पूर्ण गुण मिळाले. मला ते कळलं होतं का? परीक्षकाला तसं वाटलं. आता ऑफिसात मी अहवालात ‘चूक नाही’ लिहीत नाही, ‘चूक सापडली नाही’ लिहिते, आणि काय काय तपासलं ते लिहिते. मॅनेजर वैतागतो. “जाना है या नहीं, सीधा बोलो ना,” म्हणतो. त्याचंही काही चुकत नाही. त्याला शेवटी प्रोग्रॅम बाहेर सोडायचं बटण दाबायचं असतं.

अण्णा-अक्का निघाले त्या सकाळी मी सर्जापूर रोडवरून पहाटेच निघून आले होते. मंजू न्यायला आली होती. गाडीत सामान चढलं, अक्का मागच्या सीटवर बसल्या, शेजाऱ्यांशी कन्नडमध्ये रडून झालं, आमच्याशी मराठीत झालं. माझ्या हातात त्यांनी एक दुपटं ठेवलं. मला मूल नाही, हे त्यांना माहीत होतं. “असू दे, कुणाला तरी होईल,” म्हणाल्या. अण्णा त्यांच्या शेजारी बसले, खिडकी खाली केली.

माझ्या मनात इतके दिवस एकच गोष्ट घोळत होती. मला नलही नको होतं आणि टक्केही नको होते. मी खिडकीशी वाकले. “अण्णा, आता तर सगळं झालं. आता तरी खरं सांगा. तुम्हाला स्कूटर चालवता येत होती की नाही?”

पुढच्या सीटवरून मंजू वळली. अक्कांनीही डोळे पुसायचे थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. आम्हा तिघींनाही ते उत्तर हवं होतं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. फळ्यावर माझी चूक सापडली की पाहायचे, तसं नव्हतं ते. बिचारे गोंधळले होते. इतक्या महिन्यांत मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहत होते.

“गोत्तिल्ला, नागपूर,” ते म्हणाले. “खरंच माहीत नाही गं. आणि माहीत नसताना हिला मागं बसवायचं कसं?”

अक्कांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून अण्णांच्या हातात दिली, आणि गाडी निघाली. मी दुपटं घेऊन रस्त्यात उभी राहिले आणि मोठ्यानं रडले.